यंत्राची चूकही ऋतूप्रमाणे बदलते

प्रश्न : मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गावाच्या शिवेवर दोन खडी क्रशर आहेत आणि दिवाळीनंतर नदीकाठी वीटभट्ट्या लागतात. गावकरी म्हणतात, इथली हवा शुद्धच आहे, प्रदूषण ते कल्याण-डोंबिवलीला. आम्ही शाळेच्या गच्चीवर एक छोटा सेन्सर लावला आहे. ऑगस्टमध्ये तो पहाटे पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) ऐंशी-नव्वद दाखवतो आणि दुपारी पंधरा-वीस. उलट एप्रिलमध्ये बाकांवर धुरळ्याचा थर बसतो, तेव्हा आकडा फारसा हलत नाही. प्रत्येक ऋतूत एकेक आठवडा मोजून ग्रामसभेत मांडलं तर चालेल का?

उत्तर : सर, एकेक आठवडा पुरणार नाही. पण त्याआधी ऑगस्ट आणि एप्रिलचं जे कोडं तुम्ही सांगितलंत, ते सोडवू. मी ठाण्यात राहतो आणि गेली बावीस वर्षं हवेचे नमुने घेण्याचं काम करतो. त्यातली बरीच वर्षं शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांमध्ये गेली. तुमच्यासारखं रीडिंग बघून "सेन्सर बिघडला" म्हणत तो काढून ठेवणारे खूप भेटतात. तुम्ही काढला नाहीत, विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

तुमचा सेन्सर बिघडलेला नाही. तो धूळ तोलत नाही, उजेड मोजतो. आत एक बारीक लेझर असतो. हवेतला कण समोरून गेला की उजेड विखुरतो, आणि किती विखुरला यावरून यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर समुद्राच्या मिठाचे कण आपल्याकडे येतात, शिवाय हवेत सल्फेटचे कण असतातच. हे कण पाणी ओढून फुगतात. अमोनियम सल्फेटचा कण ९० टक्के आर्द्रतेला जवळजवळ पावणेदोनपट व्यासाचा होतो, मिठाचा त्याहून जास्त. पावणेदोनपट व्यास म्हणजे साधारण तिप्पट पृष्ठभाग, आणि उजेडही त्याच प्रमाणात जास्त विखुरतो. पहाटे धुकं उतरलं तर पाण्याचे बारीक थेंबही यंत्राला कणच वाटतात. दुपारी आर्द्रता खाली आली की पाणी उडतं आणि आकडा पंधरावर येतो. मधल्या काळात हवा तेवढी स्वच्छ झालेली नसते, कण फक्त वाळलेले असतात.

एप्रिलचं उलटं आहे. क्रशरची आणि डंपरच्या रस्त्याची धूळ बहुतेक जाडी असते, २.५ मायक्रॉनच्या पुष्कळ वर. सेन्सरमधला नखाएवढा पंखा असे जड कण नीट आत ओढू शकत नाही, आणि जे येतात ते मोजायला त्याची रचनाच नाही. त्याच्या पडद्यावर पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा दिसतो, पण बहुतेक स्वस्त सेन्सरांत तो बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. बाकावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही, त्याचं कारण हे.

म्हणजे तुमचं यंत्र पावसाळा आहे त्याहून मळका दाखवतं आणि उन्हाळा आहे त्याहून स्वच्छ. ग्रामीण ठिकाणी ऋतूनुसार मोजणी करताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. यंत्राची चूक वर्षभर सारखी असती तर दोन ऋतूंची तुलना करताना ती कापली गेली असती. पण चूकही ऋतूबरोबर बदलते, आणि मग आलेखात दिसणारा चढउतार हवेचा की यंत्राचा, हे कळत नाही.

यावर भरवशाचा उपाय जुनाच आहे : फिल्टर आणि तराजू. पीएम २.५ च्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे हवेचा नमुना घेणाऱ्या यंत्रात, पंप मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला एक घनमीटर, २४ तासांत २४ घनमीटर. मोठे कण वाटेतच अडवले जातात आणि बारीक कण ४७ मिलिमीटरच्या पांढऱ्या टेफ्लॉन फिल्टरवर बसतात. आधीचं वजन, नंतरचं वजन, वजाबाकी, भागिले २४. हिवाळ्यात दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर साचतं १.४४ मिलिग्रॅम. पावसाळ्यात १५ असतील तर ०.३६ मिलिग्रॅम, साखरेच्या एका दाण्याहून कमी. एवढ्याशा वजनाला बोटाचा ठसा लागला तरी आकडा बदलतो. म्हणून चिमट्याशिवाय फिल्टरला हात लावायचा नाही, तोलण्याआधी तो २४ तास कोरड्या, ठरावीक तापमानाच्या खोलीत ठेवायचा, आणि दर खेपेला एक कोरा फिल्टर गावापर्यंत नेऊन, हवा न ओढता तसाच परत आणून तोलायचा. पावसाळ्यात हा कोरा फिल्टर फार उपयोगी पडतो. त्याचंच वजन वाढलेलं निघालं तर समजायचं की प्रवासात किंवा डबीत ओल शिरली, आणि त्या आठवड्याच्या आकड्यांवर विसंबायचं नाही.

फिल्टर डोळ्यांनीही बघावेत. मी वर्षभराचे फिल्टर महिन्यांच्या क्रमाने टेबलावर मांडतो. जानेवारीचे काळपट राखाडी, मध्यभागी शाईचा डाग पडावा तसे : चुली, भट्ट्या, शेकोट्या, गाड्या यांची काजळी. एप्रिल-मेचे तपकिरी, मुरमाच्या रंगावर गेलेले, आणि ज्या दिवशी जवळ राब (भाताच्या रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजलेला असतो त्या दिवशीचा एखादा मधेच काळा. ऑगस्टचा फिल्टर नव्यासारखा दिसतो, उजेडात तिरपा धरला तरच करड्या रंगाची छटा कळते. मुलांना हे नुसतं दाखवलंत तरी ऋतूंचा अर्धा धडा होतो.

जाड धुळीसाठी वेगळा सॅम्पलर लागतो. तो मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो, फिल्टर वहीच्या पानाएवढा असतो आणि दर आठ तासांनी बदलायचा असतो. क्रशरबद्दल बोलायचं असेल तर पीएम १० मोजलंच पाहिजे, नुसत्या पीएम २.५ वर ते भांडण उभं राहणार नाही. अशा सॅम्पलरच्या हवा ओढणाऱ्या जुन्या ब्लोअरमध्ये मोटरचे कार्बन ब्रश झिजून त्यांचीच काजळी बाहेर पडते. अशा यंत्राचं तोंड आणि धुराडं वाऱ्याच्या एकाच रेषेत ठेवू नका.

शाळेला सॅम्पलर विकत घेणं परवडणार नाही, हे मला माहीत आहे. त्याची गरजही नाही. प्रत्येक ऋतूत दोन आठवडे एक सॅम्पलर तुमच्या सेन्सरच्या शेजारी, हातभर अंतरावर चालवायचा आणि दोघांचे रोजचे आकडे ताडून बघायचे. त्यातून त्या ऋतूचा गुणक मिळतो, म्हणजे सेन्सरचा आकडा कितीने गुणला की सॅम्पलरच्या आकड्याजवळ येतो ते. हिवाळ्याचा गुणक पावसाळ्याला लावायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. सेन्सरच्या पेटीत आर्द्रता मोजायची सोय असेल तर तीही तासातासाला नोंदवा. ८० टक्क्यांच्या वरचे तास वेगळे काढून पाहिलं की ऑगस्टच्या पहाटेचं भूत बरंचसं उतरतं.

आता जागा. तुम्ही गच्ची निवडलीत ते ठीक. हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावं, झाडं २० मीटरच्या बाहेर, आणि चारपैकी निदान तीन बाजूंनी वारा मोकळा. पण शाळा म्हटली की माझा पहिला प्रश्न असतो, पोषण आहार कुठे शिजतो? एका शाळेत आम्ही पूर्ण हिवाळा मोजला आणि आकडे शेजारच्या गावापेक्षा बरेच जास्त येत राहिले. फेब्रुवारीत मी स्वतः दिवसभर गच्चीवर बसलो. अकराच्या सुमारास खालच्या शेडमधली लाकडाची चूल पेटली आणि धूर भिंतीला घासत सरळ आमच्या सॅम्पलरच्या तोंडाशी आला. चार महिन्यांची मेहनत बाजूला ठेवावी लागली, कारण आम्ही गावाची हवा मोजतच नव्हतो, एका चुलीची मोजत होतो. चूक माझी होती. जागा ठरवायला मी रविवारी गेलो होतो, तेव्हा चूल बंद होती. जागा बघायला शाळेच्या चालू दिवशी जा, आणि संध्याकाळी पुन्हा एकदा जा.

पावसाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे उठतात, ते सॅम्पलरच्या तोंडात शिरतात. सेन्सरच्या छिद्रात कोळी जाळं करतो. महिन्यातून एकदा उघडून बघा आणि बघितल्याची तारीख लिहा.

ऋतू कसे पाडायचे? हवामान खातं जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळ्यानंतरचा काळ धरतं. देशभराच्या हिशोबाला ते बरोबर आहे. आपल्याकडे मात्र या शेवटच्या गटात ऑक्टोबर हीट आणि डिसेंबरची थंडी एकत्र येते, आणि कणांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. मुंबईसाठी मॉन्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर धरतात. मी त्यावरून असं पाडतो : ११ जून ते ८ ऑक्टोबर पावसाळा, म्हणजे १२० दिवस. उरलेला ऑक्टोबर २३ दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा १२० दिवस. मार्च ते १० जून उन्हाळा १०२ दिवस. पाऊस त्या वर्षी लवकर-उशिरा आला तर तारखा सरकवा, पण आकडे हातात येण्याआधी सरकवा, नंतर नाही.

यात मोजायचं कधी? आपल्या देशाच्या मानकांप्रमाणे वर्षाची सरासरी सांगायला एका ठिकाणी निदान १०४ दिवसांची मोजणी लागते, आठवड्यातून दोनदा, सारख्या अंतराने, २४ तासांची. म्हणून म्हटलं, चार आठवड्यांचे २८ दिवस पुरत नाहीत. जानेवारीतला एक आठवडा ढगाळ आणि वाऱ्याचा निघाला तर तुमचा हिवाळा स्वच्छ ठरेल, नेमका शेजारी भट्टी पेटलेला आठवडा सापडला तर काळाकुट्ट. मी स्वतः ठरावीक वार न धरता दर तिसऱ्या दिवशी फिल्टर लावतो. सोमवार-गुरुवार असं बांधून घेतलं आणि आठवडी बाजार गुरुवारी असला, तर बाजाराच्या दिवशीची टेंपोंची धूळ प्रत्येक आठवड्यात मोजली जाते आणि क्रशरच्या सुट्टीचा दिवस कधीच मोजला जात नाही. दर तिसऱ्या दिवशी लावलं की एकवीस दिवसांत सगळे वार फिरून येतात आणि वर्षात १२१ दिवस होतात. तुमचा सेन्सर रोज चालणारच आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हा नियम शेजारी चालणाऱ्या सॅम्पलरपुरता.

पण दिवस ठरवणं सोपं आहे. राहून गेलेले दिवस आणि तास जास्त घात करतात, आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सॅम्पलरला एक तासांचा मीटर असतो. शहापूरच्या एका गावात जानेवारीत सकाळी फिल्टर काढायला गेलो की मीटर २४ ऐवजी १९ किंवा २० तास दाखवायचा. वीज रात्री दोनच्या आसपास जायची आणि सहाला यायची. आम्ही साचलेल्या वजनाला प्रत्यक्ष ओढलेल्या हवेने भागत होतो, त्यामुळे कागदावर गणित चोख होतं. पण हिवाळ्यात पहाटेचे तेच तास सगळ्यात वाईट असतात. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर ऊबदार थर झाकणासारखा राहतो. मुरबाडसारख्या डोंगरांनी वेढलेल्या भागात तर उतारावरची थंड हवाही खोलगटात येऊन साचते. भाताच्या रिकाम्या खाचरांवर धूर कमरेइतक्या उंचीवर चादरीसारखा पसरलेला तुम्ही पाहिला असेलच. ते तास गळाले की सरासरी आपोआप खाली येते आणि गाव स्वच्छ दिसायला लागतं. चोवीसपैकी निदान अठरा तास सलग किंवा तुटक मिळाले तरच दिवस धरावा असा ढोबळ नियम आहे, पण मी त्यापुढे जाऊन गेलेले तास कोणते होते तेही लिहितो. तुमच्या सेन्सरला एक छोटी बॅटरी लावा. या सगळ्या कामात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

पावसाळ्यात वेगळं घडतं. विजा कडाडल्या की लोक यंत्र बंद करतात, पुलावरून पाणी गेलं की फिल्टर बदलायला माणूस पोचत नाही. म्हणजे धुऊन निघालेल्या सगळ्यात स्वच्छ दिवसांचीच नोंद राहून जाते. हिवाळ्यात वाईट तास गळतात, पावसाळ्यात चांगले दिवस गळतात, आणि दोन्हींमुळे ऋतूंमधलं अंतर खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

वर्षाची सरासरी काढताना आणखी एक खड्डा आहे. समजा हिवाळ्याची सरासरी ८० आली, उन्हाळ्याची ५०, पावसाळ्याची १८ आणि ऑक्टोबरची ५०. समजा हिवाळ्यात उत्साहाने ६० दिवस मोजलं, उन्हाळ्यात ३०, पावसाळ्यात ८ आणि ऑक्टोबरमध्ये ७. एकूण १०५ दिवस, म्हणजे १०४ ची अट पूर्ण. सगळ्यांची सरळ सरासरी येते ६५. पण प्रत्येक ऋतूच्या सरासरीला त्या ऋतूच्या खऱ्या दिवसांनी गुणून ३६५ ने भागलं तर येते ४९. तेच गाव, तीच हवा, सोळाचा फरक. ग्रामसभेत क्रशरवाल्याच्या बाजूने एखादा हिशोबी माणूस उभा राहिला तर तो ६५ चा आकडा दोन मिनिटांत पाडेल आणि त्याबरोबर तुमचं खरं म्हणणंही पडेल. म्हणून आधी ऋतूची सरासरी, मग वजन देऊन वर्षाची. शेजारी मधला आकडाही द्या, म्हणजे सगळे दिवस चढत्या क्रमाने मांडून बरोबर मध्ये येणारा. एखाद्या दिवशी शेजारच्या शेतात राब भाजला तर सरासरी वर ओढली जाते, मधला आकडा फारसा हलत नाही. दोघांत मोठं अंतर दिसलं की थोडे पण फार वाईट दिवस होते हे कळतं.

आणि ते दिवस कोणते होते, हे वहीशिवाय कळत नाही. यंत्राशेजारी दोनशे पानी वही ठेवा आणि रोज चार ओळी लिहायला दोन मुलं नेमा. शहरातल्या स्टेशनवर वाहतूक बारा महिने चालू असते. गावात कणांचा ऋतू आभाळ जितका ठरवतं तितकंच शेत ठरवतं. भाताची झोडणी कधी सुरू झाली, वीटभट्टी कोणत्या दिवशी लावली, तूस वापरला की कोळसा, किती दिवस धुमसली. कवळ (झाडांच्या पानाळ फांद्या) तोडून शेतात पसरला कधी आणि राब भाजला कधी. डोंगराला वणवा दिसला का, कोणत्या बाजूला. होळी. क्रशर चालू होता की बंद, रस्त्यावर पाणी मारलं की नाही. सकाळी आणि दुपारी वारा कुठून होता, हे ध्वजाच्या काठीला बांधलेल्या रिबिनीवरूनही चालेल. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री-सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून येतो. म्हणजे दुपारी आकडा चढला तर कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्याकडेही बघायला हवं, पहाटे चढला तर बहुतेक आपल्याच गावातलं आहे. कल्याणचं खडकपाडा आणि बदलापूरचं कात्रप इथल्या सरकारी स्टेशनांचे तासातासाचे आकडे उघडे असतात, ते तुमच्या आलेखावर सोबत काढा. दोन्हीकडे एकाच वेळी चढलं तर कारण मोठ्या पट्ट्याचं, फक्त तुमच्याकडे चढलं तर शिवेच्या आतलं.

काही दिवस मात्र खरोखर दुरून आलेले असतात. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ गुजरातवरून मुंबई-ठाण्यापर्यंत आली होती, गाड्यांवर पांढरट थर बसला होता. असा दिवस तुमच्या हिवाळ्यात सापडला तर काढून टाकू नका, लोकांनी ती हवा घेतलीच आहे. पण त्यावर खूण करा, आणि क्रशरच्या खात्यावर टाकू नका. ओळखायची खूण सोपी आहे : पीएम १० एकदम उडतं आणि त्यातला पीएम २.५ चा वाटा घटतो. धुराच्या दिवशी हा वाटा वाढतो. दोन्ही मोजलं असेल तर हे गुणोत्तर एकटंच धूर की धूळ हे बऱ्यापैकी सांगतं.

ताडून बघायला मर्यादा या : २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम २.५ वर्षाला ४० आणि २४ तासांना ६०, पीएम १० वर्षाला ६० आणि २४ तासांना १००, सगळं प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वर्षाला ५ आणि दिवसाला १५ सुचवलं आहे. २४ तासांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीलाच लावायची. पहाटे सहाचा एक आकडा ६० च्या वर गेला म्हणून "मर्यादा ओलांडली" असं ग्रामसभेत म्हणू नका, हे हात जोडून सांगतो.

भट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबं त्या धुरातच झोपडी बांधून चार-पाच महिने राहतात. तुमच्या गच्चीवरचा आकडा गावाचा आहे, त्यांचा नाही. जमलं तर हिवाळ्यातले दोन दिवस सेन्सर त्यांच्या वस्तीशी न्या, त्यांना विचारून, आणि तो आकडा वेगळा मांडा.

पुढच्या जानेवारीत दोन आठवड्यांसाठी मी सॅम्पलर घेऊन येऊ शकतो. गच्चीवर १५ अँपियरचा एक सॉकेट, त्यावर पावसाची नाही तरी दवाची झाकणी, आणि माकडं यंत्र ओढणार नाहीत असा जाळीचा पिंजरा एवढं करून ठेवा. वही मात्र उद्यापासूनच सुरू करा, आणि पहिल्या पानावर पोषण आहाराची चूल गच्चीच्या कोणत्या बाजूला, किती पावलांवर आहे ते लिहा.